रोशा : तेल खानदेशचे, नाव तुर्कस्तानचे

सुगंधाचे आणि आपल्या समाजाचे नाते जुने आहे. जुम्म्याची नमाज असो, ईद असो की निकाह, कानाच्या पाळीमागे अत्तराचा फाया हवाच. पैगंबरसाहेबांना खुशबू प्रिय होती, हे घरातले लहान मूलही सांगते. आता हाच सुगंध ‘अरोमाथेरपी’ अर्थात सुगंधचिकित्सा या नव्या नावाने बाजारात आला आहे. झोप येत नाही, डोके जड आहे, मन थाऱ्यावर नाही, अशा रोजच्या तक्रारींसाठी वनस्पतींच्या तेलांच्या लहान लहान बाटल्या मिळतात. त्यांतल्या एका बाटलीवर ‘पामारोझा’ असे लिहिलेले असते. हे नाव परदेशी वाटते, पण तेल परके नाही. आपल्या माळरानावर उगवणारे रोशा गवत, ज्याला मराठीत तिखाडीही म्हणतात, त्याचेच हे तेल. त्याचा इतिहास आपण विसरलो आहोत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गैरसमज दूर करू. गुलाबजल आणि सुगंधी तेल काढण्याची कला इब्न सीना यांनी शोधली, असे आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते. आम्हीही वर्गात ते ऐकतच शिकलो. इब्न सीना यांचा काळ 980 ते 1037. पण त्यांच्या आधी, नवव्या शतकात, अल-किंदी यांनी अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता आणि त्यात शंभराहून अधिक कृती दिल्या होत्या. म्हणजे ही कला एका माणसाची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांची आहे. भारतातही सुगंधांच्या मिश्रणाचे शास्त्र त्याआधीच होते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर वेगळा अध्याय आहे. सगळे श्रेय एकाच मोठ्या नावाला देऊन टाकले की हजारो लहान हात दिसेनासे होतात. रोशाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशचा खंड 1880 साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल त्याचे संपादक. या खंडात रोशा तेलाच्या धंद्याची नोंद आहे आणि हे तेल काढणारे सगळे मुसलमान होते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पश्चिम खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार या बाजूला हा धंदा चाले. पावसाळा सरत आला, गवत फुलावर येऊन पिकू लागले की तेलवाले भिल्लांकडून गवत विकत घेत. मग जिथे लाकूडफाटा आणि वाहते पाणी आहे अशा ओढ्याच्या काठी भट्टी लावत.

भट्टीची रीत पाहण्यासारखी आहे. चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा ठेवायचा. त्यात पाणी आणि चिरलेले गवत काठोकाठ भरायचे. तोंडावर झाकण ठेवून कणकेने घट्ट लिंपायचे. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी काढायची, तिला कापड गुंडाळून वर उडदाच्या पिठाचा लेप द्यायचा आणि दोरीने आवळायचे. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात मानेपर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात. वाफ तिथे थंड होते. जमा झालेले पाणी ढवळले की तेल वर तरंगते, ते अलगद काढून घ्यायचे आणि उरलेले पाणी नव्या गवताबरोबर पुन्हा भट्टीत. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना ‘कशीद’ शिकवतो, मराठी शाळेत त्यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. काचेच्या उपकरणांनी जे दाखवायचे, ते शाळेचे तोंडही न पाहिलेली माणसे बांबू आणि उडदाच्या पिठावर करत होती. कनौजच्या देग-भपक्याची ही थेट भावंडे!

पुढचा प्रवास मोठा आहे. कातडी बुधल्यांत भरलेले तेल बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई, तर काही धुळे-मनमाडमार्गे मुंबईला. मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांत, मुख्यतः जेद्दाहला. ज्या वाटेने हाजी जात, त्याच वाटेने खानदेशचे गवती तेलही जात होते. तिथून ते इस्तंबूलला पोहोचे. तुर्की भाषेत त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. युरोपच्या बाजारात ते ‘टर्किश जिरेनियम तेल’ झाले. खरे तर ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते.

इस्तंबूलला त्याची एवढी मागणी का? त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. रोशाच्या तेलात जिरॅनिऑल हा घटक मुबलक, साधारण तीन चतुर्थांश वा त्याहूनही जास्त असतो. गुलाबाच्या अत्तरातही तो असतो. म्हणून रोशाला गुलाबासारखा वास येतो. त्या वेळी बल्गेरियाच्या कझानलक खोऱ्यातल्या गुलाबाच्या अस्सल अत्तरात हे स्वस्त तेल मिसळले जाई. त्यासाठी ते आधी उन्हात ठेवून, लिंबाच्या रसाने त्याचा रंग काढत. खानदेशचे तेल जगभर गेले, पण दुसऱ्याच्या नावाखाली लपून.

दोष फक्त परक्यांचा मानायचा का? नाही. भट्टीवरून बाहेर पडण्याआधीच या तेलात बहुधा भेसळ झालेली असे, अशीही नोंद गॅझेटियरमध्ये आहे. कुरआनात माप मारणाऱ्यांना खडसावणारी ‘मुतफ्फिफीन’ नावाची एक सूराच आहे. ती वाचणाऱ्या समाजाने ही नोंदही वाचायला हवी. ज्या मालाची खात्री नाही, त्याला गावाचे नाव कोण लावणार? कनौजच्या अत्तराला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, कारण त्या गावाने आपले नाव टिकवले. आपल्या तेलवाल्यांनी ना नाव जपले, ना काही लिहून ठेवले. पुढे विसाव्या शतकात प्रयोगशाळेत तयार होणारे सुगंध आले आणि ओढ्याकाठच्या भट्ट्यांची उरलीसुरली किंमतही गेली.

आता आजच्या वापराविषयी. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ झाला तो फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांच्या 1937 च्या पुस्तकामुळे. पण आपल्याकडे रोशाचे तेल सांधेदुखीवर चोळण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची. सुगंधाने मन हलके होते, हा सर्वांचाच अनुभव. मात्र त्याने रोग बरा होतो, असे समजू नये. हे तेल पिऊ नये. कातडीवर निव्वळ लावू नये. चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एखाददुसरा थेंब पुरे. जिरॅनिऑलची काहींना ॲलर्जी असते, म्हणून आधी हातावर थोडे लावून एक दिवस थांबावे. तान्ह्या मुलांपासून आणि डोळ्यांपासून ते दूर ठेवावे. गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

राजांच्या अत्तरांचा इतिहास राजांनीच लिहून ठेवला. अत्तर-ए-जहांगिरीचे श्रेय लोक नूरजहानला देतात, पण ते तिच्या आईचे, हे आपल्याला खुद्द जहांगीरच्या आत्मचरित्रामुळे कळते. ओढ्याकाठच्या तेलवाल्यांना मात्र असा कोणी भेटला नाही. त्यांची आठवण एका परक्या अधिकाऱ्याच्या ग्रंथातल्या काही ओळींत राहिली. पिंपळनेर-नंदुरबारकडच्या मुस्लिम वाचकांनी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा जरूर विचारावे, रोशाची भट्टी कोणी पाहिली, कोणाच्या आजोबांनी लावली, बैल कोणाचे होते, गवत आणणारे भिल्ल कोणत्या पाड्याचे. जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. नावे मिळाली तर ती आपल्याच भाषेत छापली जातील.