मेळाव्याची तारीख आणि प्रवासाचे पहिले प्रकरण

प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना आपण बहुधा प्रवासी उंबरठा ओलांडतो त्या क्षणापासून वाचू लागतो. त्याआधीचे सारे, म्हणजे नकाशे, परवाने, पैशांची जुळवाजुळव, घरच्यांची समजूत, हे प्रस्तावनेत किंवा ऋणनिर्देशात ढकलले जाते आणि समीक्षकही ते तिथेच राहू देतो. आमच्या मते या सवयीमुळे एका वाङ्मयप्रकाराचा बराच मोठा भाग आपल्या नजरेआड राहिला आहे. मोटरसायकलीने परदेशी जाणाऱ्यांचा, आणि त्यातही एखाद्या ठरलेल्या मेळाव्याला पोहोचण्यासाठी वाट आखणाऱ्यांचा इतिहास पाहिला, तर आखणी हेच प्रवासाचे पहिले आणि कित्येकदा सर्वांत खडतर प्रकरण ठरते. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

या मेळाव्यांतील सर्वांत ख्यातनाम मेळावा जर्मनीतला. एर्न्स्ट लेव्हरकुस हा मोटरसायकलींवर लिहिणारा पत्रकार. वाचक त्याला ‘क्लाक्स’ या टोपणनावाने ओळखत. १९५६ च्या जानेवारीत त्याने श्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूड येथे त्सुंडाप के. एस. ६०१ या गाडीच्या स्वारांना बोलावले. बाजूला डबा जोडलेली ही अवजड गाडी ‘हिरवा हत्ती’ म्हणून प्रसिद्ध होती. त्यावरून या जमावाला ‘हत्तींचा मेळावा’ हे नाव पडले आणि ते आजवर टिकले. आलेले स्वार मूठभरच होते. ऐन हिवाळ्याची निवड मुद्दाम केलेली होती. याच सुमारास पश्चिम जर्मनीतला सामान्य माणूस मोटारीकडे वळू लागला होता. मोटरसायकल हे गरजेचे वाहन उरले नव्हते आणि हौसेचे अजून झाले नव्हते. ज्या ऋतूत मोटारवालेही घरी बसतात त्या ऋतूत दुचाकी आणि तिचा डबा घेऊन बाहेर पडणे, हे त्या मावळत्या वाहनाच्या वतीने केलेले एक विधान होते.

पुढे मेळावा वाढला. साठ आणि सत्तरच्या दशकांत तो न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर भरत असे. गर्दी आणि तिच्याबरोबर येणारी बेशिस्त यांमुळे तो तिथून उठला, काही काळ ऑस्ट्रियात गेला, आणि १९८९ पासून बव्हेरियाच्या जंगलातील थुर्मान्सबांगजवळच्या दरीत स्थिरावला. या दरीला स्वार ‘चेटकिणीची कढई’ म्हणतात. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, बर्फात तंबू ठोकून, गवताच्या पेंढ्यांवर झोपून लोक दोन-तीन रात्री काढतात. मशालींच्या उजेडात दिवंगत सोबत्यांचे स्मरण करतात. आणि परत जातात. १९६२ पासून वेल्सच्या डोंगरांत भरू लागलेला ‘ड्रॅगन’ मेळावा याच कुळातला. २००० नंतर ‘होरायझन्स अन्लिमिटेड’ या नावाने अनेक देशांत भरू लागलेले मेळावे मात्र वेगळ्या जातीचे आहेत. तिथे दूरच्या देशांत जाऊन आलेले आणि जाऊ इच्छिणारे एकत्र येतात, आणि आखणी हाच तिथल्या बोलण्याचा विषय असतो.

मेळाव्यात तसे पाहिले तर घडत काहीच नाही. शर्यत नाही, बक्षीस असले तर ते सर्वांत दूरून आलेल्याच्या कौतुकापुरते. मग माणसे हजारो किलोमीटर का येतात? आम्हांला वाटते, मेळावा त्यांना एक तारीख देतो. ‘कधीतरी जाऊ’ हे वाक्य वर्षानुवर्षे म्हणता येते. ‘जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पोहोचायचे आहे’ हे वाक्य उच्चारले की त्याच्या मागोमाग रजेचा अर्ज, गाडीची दुरुस्ती आणि खर्चाचा हिशेब येतातच. आषाढी एकादशी ज्यांच्या वर्षाची मांडणी करते त्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. तिथी ठरलेली असते म्हणून प्रस्थान ठरते, प्रस्थान ठरते म्हणून मुक्काम ठरतात.

तारखेभोवती आखलेला प्रवास आपल्या वाङ्मयालाही नवा नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरून निघाले ते बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत, हे कानावर आल्यामुळे. घरावर कर्ज होते आणि दक्षिणेची आशा होती. त्यांच्या प्रवासाला कारण, ठिकाण आणि मुहूर्त हे तिन्ही एका समारंभाने पुरवले. पुढे जे घडले ते ‘माझा प्रवास’च्या वाचकांना ठाऊक आहे: महूजवळ शिपायांची गाठ, पुढे बंडाची धामधूम, झाशीचा वेढा. यज्ञाचे निमित्त मागे पडले आणि १९०७ मध्ये छापून निघालेल्या त्या पुस्तकात राहिले ते वाटेवरचे अनुभव. तरीही ते निमित्त नसते तर हा गरीब भिक्षुक वरसई सोडून उत्तरेस गेला असता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. समारंभ प्रवाशाला घराबाहेर काढतो. पुस्तक समारंभाविषयी असतेच असे नाही.

मोटरसायकलीच्या प्रवासवाङ्मयात हीच गोष्ट वेगळ्या रूपांत भेटते. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ मध्ये लंडनमधील एका मेजवानीत, परत घरी कसे जाणार या प्रश्नाला, मोटरसायकलीवरून जगप्रदक्षिणा करून, असे सहज उत्तर देऊन बसला. त्याच टेबलावर डग्लस मोटरसायकल कंपनीशी संबंधित गृहस्थ होते; त्यांनी गाडी देऊ केली. चार लोकांदेखत शब्द गेला होता, तो मागे घेता येईना. हिंदुस्थानातूनही गेलेला हा प्रवास १९३३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला संपला आणि ‘वन मॅन कॅरव्हॅन’ हे पुस्तक १९३७ मध्ये आले. इथे मेळावा म्हणजे एक जेवणाचे टेबल; पण काम तेच, साक्षीदार उभे करण्याचे.

अॅन-फ्रान्स दोतव्हिल या फ्रेंच लेखिकेची हकीकत याच्या उलट टोकाची. १९७२ मध्ये ती पॅरिसहून इस्फहानला निघालेल्या मोटरसायकलस्वारांच्या मोठ्या ताफ्यात सामील झाली. परतल्यावर, तिने सारा रस्ता स्वतः गाडी चालवली नाही, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा १९७३ मध्ये १२५ सीसीची लहान कावासाकी घेऊन ती एकटी जगप्रवासाला निघाली. जमावाने दिलेल्या साक्षीवर तिचा विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने एकटेपणालाच साक्षी केले. मेळाव्यात कोणाचा शब्द प्रमाण मानला जातो आणि कोणाचा नाही, हा प्रश्न तिच्या उदाहरणाने कायमचा उभा करून ठेवला आहे.

परंतु शब्द देणे आणि वाट आखणे यांच्यामध्ये कागद येतात, आणि इतिहासाच्या दृष्टीने आमचा मुख्य मुद्दा इथे आहे. मोटरगाडी सीमेपलीकडे नेणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माल आयात करणे होय. प्रवाशाने ती तिकडे विकली तर त्या देशाचा कर बुडतो. म्हणून हमी हवी. मोटार वाहतुकीविषयी १९०९ व १९२६ चे पॅरिस करार आणि पुढे खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीचा १९५४ चा न्यूयॉर्क करार यांतून ही व्यवस्था घडत गेली. ‘कार्ने द पासाज’ हे तिचे दृश्य रूप. या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग: एक आत शिरताना फाडायचा, एक बाहेर पडताना, आणि तिसरा शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहायचा. गाडीची किंमत आणि वाटेवरच्या देशांचे करांचे दर पाहून अनामत किंवा बँकेची हमी घेतली जाते. मुदत एक वर्षाची. आपल्याकडे १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते. एखाद्या चौकीवर बाहेर पडतानाचा शिक्का राहिला, तर गाडी घरी आली तरी कागदोपत्री ती परदेशातच असते आणि अनामत अडकते.

कागदांची ही उतरंड सर्वांना सारखी नसते. भारतीय नागरिकाला पासपोर्ट मिळणे ही १९६७ पर्यंत सरकारच्या मर्जीची बाब होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशप्रवासाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्यानंतर पासपोर्टचा कायदा झाला. साहनी हे मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारी होते, हा योगायोग या लेखाच्या संदर्भात नोंदवण्याजोगा आहे. परकीय चलनाची अडचण तर त्यानंतरही दीर्घकाळ राहिली. १९७३ चा कडक कायदा जाऊन १९९९ चा सौम्य कायदा आला आणि २००४ मध्ये निवासी भारतीयांना वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली. मराठी माणसाने हौसेखातर स्वतःची गाडी घेऊन परदेशी निघणे ही कल्पना वास्तवात उतरण्याजोगी झाली ती या बदलानंतर.

एक उदाहरण मांडून पाहू. मुंबईच्या एखाद्या स्वाराने ‘हत्तीं’च्या मेळाव्याला स्वतःच्या गाडीने पोहोचायचे ठरवले. वाघा-अटारीची वाट धरणे त्याच्या हातात नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती चौकी बंद करण्यात आली तेव्हा असे कित्येक बेत एका दिवसात मोडले असतील. समजा, त्याने गाडी जहाजाने तुर्कस्तानच्या मर्सिन बंदरात उतरवली. अनातोलियाचे पठार बर्फापूर्वी पार करायचे तर ऑक्टोबर गाठायला हवा. मग बल्गेरियात शिरायचे. तो देश २०२५ च्या आरंभापासून पूर्णतः शेंगेन क्षेत्रात आहे. या क्षेत्रात १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि प्रवेशाचा दिवस त्यात धरला जातो. तो १ नोव्हेंबरला शिरला तर त्याचा नव्वदावा दिवस २९ जानेवारी. मेळावा ३० तारखेला असेल तर बर्फातून आलेला हा पाहुणा उंबरठ्यावर येऊन बेकायदा ठरतो. म्हणजे डिसेंबरच्या थंडीपर्यंत त्याने तुर्कस्तानात थांबावे, तिथल्या परवान्याची मुदत सांभाळावी, आणि मग बाल्कनच्या बर्फातून जावे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची मुदत एक वर्ष, कार्नेचीही एक वर्ष. तिन्ही घड्याळे वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात आणि त्याला ती एका शनिवारी जुळवायची असतात. म्युनिकचा स्वार मात्र शुक्रवारी टाकी भरतो आणि संध्याकाळी दरीत तंबू ठोकतो. शेकोटीभोवती दोघे शेजारी बसले, तर पुस्तक कोणाच्या प्रवासाचे व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या वाङ्मयीन मूल्यांनी आजवर फारसे नीट दिलेले नाही. टेड सायमन यांचे ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ (१९७९) हे या प्रकारातील मानदंड ठरलेले पुस्तक. सायमन ६ ऑक्टोबर १९७३ रोजी लंडनहून निघाले. त्याच दिवशी इजिप्त आणि सीरिया यांचे इस्राएलशी युद्ध पेटले. त्यांची वाट इजिप्तमधून जाणारी होती. आखणी कशी क्षणात निरर्थक होऊ शकते याचे हे बोलके उदाहरण आहे, आणि बेत मोडल्यावर जे हाती लागते त्यालाच खरा प्रवास मानण्याची दृष्टी या वाङ्मयात रूढ झाली. ही दृष्टी सुंदर आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण बेत मोडणे परवडण्यासाठी पाठीशी ब्रिटिश पासपोर्ट आणि लंडनचे एक मोठे वृत्तपत्र असावे लागते. ज्याला चुकलेला एक दिवस अनामत आणि व्हिसा दोन्ही गमावायला लावू शकतो, त्याने यदृच्छेचे गोडवे गायचे कसे? आपले विद्यार्थी ‘भटकंती’ हा शब्द स्वातंत्र्याचा समानार्थी म्हणून वापरतात आणि वेळापत्रक पाळणाऱ्या प्रवाशाला मध्यमवर्गीय ठरवून मोकळे होतात. तो निवाडा करताना आपण अजाणता एका विशिष्ट पासपोर्टचे मूल्य वाङ्मयाचे मूल्य म्हणून स्वीकारत असतो.

मराठीत या पहिल्या प्रकरणाकडे बहुधा विनोदाच्या वाटेने पाहिले गेले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) निघण्यापूर्वीची धांदल हास्याचा विषय होते, आणि ते हास्य आजही ताजे आहे. त्या हास्यामागे परदेशगमन दुर्मिळ असलेल्या समाजाचे दडपणही आहे, हे मात्र वर्गात क्वचित सांगितले जाते. गोडसे भटजींनी कर्जाचा आणि दक्षिणेचा हिशेब लपवला नाही. तो त्यांच्या निवेदनाचा भाग आहे आणि म्हणूनच त्यांचे निघणे आपल्याला खरे वाटते.

तेव्हा अभ्यासकांना आमची विनंती एवढीच आहे, की यापुढे प्रवासवर्णन हाती घेताना लेखक कोणत्या तारखेसाठी निघाला, ती तारीख कोणी ठरवली, आणि तिथवर पोहोचण्यासाठी त्याला कोणकोणत्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागले, हे आधी शोधावे. लेखकाने ते सांगितले नसेल तर त्याला ते सांगण्याची गरज का वाटली नाही, हेही विचारावे. मर्सिनच्या बंदरावर पेटी उघडण्याची वाट पाहत बसलेला मुंबईचा तो कल्पित स्वार पुढेमागे लिहू लागेल, तेव्हा त्याचे पुस्तक शिक्के, मुदती आणि पावत्या यांनी भरलेले असेल. ते रुक्ष म्हणून बाजूला ठेवणारा समीक्षक त्याच्या प्रवासाचा सर्वांत अवघड घाट न वाचताच पुढे गेलेला असेल.