घण आणि भूमी

उल्हास नदीचे पाणी कोठवर चढते, हे चामटोली-बदलापूरच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. २७ जुलै २०१९ रोजी याच परिसरात महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली व हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. हीच नदी पुढे वसईच्या खाडीस मिळते. अशा पाण्यात पूल उभा राहतो तो कशाच्या बळावर?

मऊ भूमीत लांब खुंट ठोकून त्यांवर पाया घालावा, ही युक्ती फार जुनी. दोराने घण उचलावयाचा आणि खुंटाच्या माथ्यावर सोडावयाचा. १८४५ साली इंग्लंडात डेव्हनपोर्ट येथे या जुन्या रीतीची जेम्स नॅस्मिथच्या वाफेच्या घणाशी शर्यत लागली. वाफेच्या घणाने साडेचार मिनिटांत खुंट बसविला. जुन्या यंत्रास बारा तास लागले. मात्र हा केवळ वाफेचा विजय नव्हे. हलका घण उंचावरून टाकला, तर त्याचे बरेचसे बळ माथा चेचण्यातच जाते. नॅस्मिथचा घण जड होता. तो थोड्या उंचीवरून पण भराभर पडे, त्यामुळे आघात खुंटाच्या टोकापर्यंत पोचे.

मग वसईच्या खाडीवर कोणता घण वापरला? कोणताच नाही! मुंबई-बडोदा लोहमार्ग १८६४ साली मुंबईस पोचला. त्याचे सल्लागार अभियंता कर्नल केनेडी यांनी पुलांसाठी ओतीव लोखंडाचे पोकळ खांब घेतले. असे लोखंड ठिसूळ. घणाच्या घावाने तडकावयाचे. म्हणून खांबांच्या टोकांना रुंद मळसूत्री पाती होती. ही कल्पना आयर्लंडचे अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांची, १८३३ सालची. या मार्गाच्या पुलांवर लांब दांड्यांना बैल जुंपून, तेलघाणा फिरवावा तसे खांब भूमीत फिरवीत उतरविले. पाते रुंद असल्यामुळे भार चिखलावर पसरे.

पुढे २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूखाली खडक कोठे कठीण, कोठे कुजलेला असा निघाला. तेथेही खुंट ठोकले नाहीत. खडकात भोके पाडून त्यांत काँक्रीट भरले.

हलवून खुंट बळकट करावा, असे आपण म्हणतो. पायाच्या बाबतीत खुंटाआधी भूमीच तपासावी लागते. आपल्या नदीवर नवा पूल होऊ लागेल, तेव्हा यंत्र किती मोठे आणले हे नागरिकांनी मागाहून विचारावे. खाली काय लागले, हे आधी विचारावे.