गोखिवऱ्याची आगोट

चिमाजीअप्पांनीं वसई घेतली ती इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत, ऐन आगोटीच्या तोंडीं. त्या मोहिमेचीं पत्रें संशोधकांनीं जपलीं, हें योग्यच झालें. परंतु दरसाल उन्हाळ्यांत गोखिवऱ्यासारख्या वसईनजीकच्या गांवीं घरोघर जी दुसरी मोहीम चाले, तिचे कागद कोणीं जपले? मृग लागण्यापूर्वीं चार महिन्यांचें मीठ, मिरची, सुकी मासळी व सरपण घरांत यावें, छप्पर शाकारावें, राब भाजावा, आटत्या विहिरीचें पाणी पुरवून वापरावें. पावसांत वाटा बंद पडत. म्हणून वैशाखांतील हयगय श्रावणांत भोंवे. मृगाचा हा धाक वेढा घालून बसलेल्या सैन्यासही होताच.

याच उन्हांत पोथ्यांस ऊन दाखविण्याची चाल आहे. रुमाल सुटतात, सनदा निवडून ठेवतात, आणि मिठामिरचीच्या यादी चुलींत जातात. आमच्या हातूनही हा प्रमाद घडलेला आहे. वस्तुतः मिति, माप व दर असलेली एक यादी त्या सालची महागाई सनदेहून स्पष्ट सांगते. आतां गोखिवरें वसई-विरार शहरांत सामावलें असून जुनीं घरें मोडत आहेत. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, असा रुमाल हातीं आल्यास स्वयंपाकघराचे कागदही बांधून ठेवावे.