मामलेदाराची कोठडी

इंदापूरचे नाव महसुलाच्या इतिहासात चिरस्थायी झाले ते १८३५-३६ सालच्या पाहणीमुळे. प्रिंगलसाहेबांची आकारणी रयतेस पेलवेना, शेते पडीत पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी याच तालुक्यात नव्याने मोजणी आणि प्रतबंदी करून तीस वर्षांच्या मुदतीची जी जमाबंदी बसवली, तिचाच कित्ता पुढे मुंबई इलाख्याने गिरवला. शेजारच्या बारामतीची कीर्ती याहून रसाळ. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी राहिलेल्या मोरोपंतांच्या आर्या तिच्या पाठीशी उभ्या आहेत, आणि चार बुके शिकलेल्या मराठी मनुष्यास बारामती म्हणताच, निदान राजकारणाने ते नाव व्यापून टाकीपर्यंत तरी, त्या आर्याच आठवत असत. परंतु तालुक्याच्या कचेरीत, दप्तराच्या रुमालांपासून थोड्याच पावलांवर, गजांच्या दाराची एक कोठडी असे. आणि त्या कोठडीची किल्ली ज्याच्या स्वाधीन असे, त्या मनुष्याच्या अंतःकरणाचे वर्षानुवर्षांच्या त्या चाकरीत काय होत असे, हा प्रश्न महसुलाच्या इतिहासकारालाही सहसा पडत नाही आणि वाङ्मयाच्या इतिहासकारालाही पडत नाही.

तालुक्याचा तुरुंग म्हणजे येरवडा नव्हे. त्याला तट नाही, बुरूज नाही, स्वतंत्र अधिकारी नाही. मामलेदार हाच त्याचा पदसिद्ध अधीक्षक. रोजची व्यवस्था अव्वल कारकुनाच्या किंवा त्याच्या हाताखालच्या कोणा कारकुनाच्या गळ्यात. आणि पहारा पोलिसांचा, तोही बहुधा असा की ज्या शिपायांनी खजिना राखावयाचा त्यांनीच कोठडीही राखावी. सायंकाळी रोकड मोजून पेटीस मोहोर लावावी, नंतर माणसे मोजून दारास कुलूप घालावे, आणि दोन्ही आकडे वहीत उतरवून घरी जेवावयास जावे, असा हा क्रम. सरकारच्या दृष्टीने दोन्ही जिंदगी एकाच जातीची, कारण दोहोंचा ताळा जमला पाहिजे आणि दोहोंपैकी काहीही उणे भरल्यास जाब द्यावा लागतो. कारकुनाच्या दृष्टीने मात्र त्यांत अंतर होते. खजिन्यातील रुपया रात्री खोकत नाही, आणि घरी म्हैस व्याली काय, असेही सकाळी विचारीत नाही.

त्या कोठडीत कोण येत असे हे पाहिल्यावाचून किल्लीचे ओझे समजणार नाही. दरोडेखोर आणि खुनी तेथे चार दिवसांचे पाहुणे. त्यांना पुण्यास पाठवले की मोकळे. परंतु ज्या मुलखात पाऊस हा नेमाने न येणारा पदार्थ आहे, त्या मुलखातील कोठडी गुन्हेगारांइतकीच थकबाकीदारांनी आणि कर्जदारांनीही ओळखीची केलेली असते. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोस कैद करण्याची मुभा सावकारास होती, आणि त्या कैद्याचा पोटखर्च सावकारानेच भरावयाचा असे. तो भत्ता थांबला की कैदी सुटे. म्हणजे एका माणसाचा राग दुसऱ्या माणसाच्या भाकरीच्या रूपाने रोज मोजून घेण्याचे काम सरकारी नोकराकडे आले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खते जळाली, आणि तो वणवा भीमथडीतून व इंदापुरातून पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा शेकडो कुणबी धरले गेले. धरून आणलेली ही मंडळी काही परमुलखातील नव्हती. ज्यांचे सातबाऱ्याचे पूर्वज असलेले उतारे कारकुनाने स्वतः लिहिले, ज्यांच्या शेतांचे बांध त्याला पाठ, ज्यांच्या घरी जमाबंदीच्या फिरतीत त्याने ताक प्यालेले, तीच ही मंडळी होती.

लगेच १८७६-७७ चा दुष्काळ आला. सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराचा रोजमुरा एक रत्तल धान्य आणि वर किंचित पैसे इतक्यावर आणला, आणि तुरुंगातील सक्तमजुरीच्या कैद्यास याहून अधिक शिधा मिळतो, हे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांच्यासारख्या टीकाकारांनी उघडपणे मांडले. ज्या राज्यात निरपराध माणसापेक्षा कैद्याचे ताट भरलेले असते, तेथे तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाची कुचंबणा विलक्षण होते. आत असलेल्यास तो बाहेर सोडू पाहतो, तर मुदत संपली तरी त्याचा पाय निघत नाही. आणि बाहेरच्याने दोन मुठी जोंधळा उचलला म्हणून त्यास आत ढकलताना आपण त्याला दंड करीत आहो की जगवीत आहो, हे शिपायालाच कळेनासे होते.

१८७९ हे साल मला या संदर्भात फार बोलके वाटते. ते वासुदेव बळवंतांच्या बंडाचे साल, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी दोन कायदे झाले. शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाच्या दख्खनी कायद्याने सावकाराच्या देण्यापायी शेतकऱ्यास कैद करणे बंद केले, ही मोठीच सुधारणा. मुंबईच्या जमीन महसूल कायद्याने मात्र सरकारच्या देण्यापायी थकबाकीदारास पकडून मामलेदाराच्या कचेरीत दहा दिवसपर्यंत अटकेत ठेवण्याची तरतूद केली. सावकाराचा पाश सुटला आणि सरकारचा राहिला, असे कोणी म्हटल्यास ते थोडे एकांगी होईल, कारण ती अटक क्वचितच प्रत्यक्षात येई. तिचा धाकच बहुधा पुरे. परंतु तो धाक घालावयाचा कोणी? ज्याने सकाळी तगादा करावयाचा, दुपारी नोटीस लिहावयाची, त्याच हाताने सायंकाळी कुलूपही लावावयाचे.

ओळखीचा हा जाच मोठ्या तुरुंगात तितकासा नसतो. येरवड्याच्या कैद्यास क्रमांक असतो. तालुक्याच्या कोठडीतील कैद्यास नाव असते, वडिलांचे नाव असते, आणि बहुतेक वेळा कारकुनाच्या एखाद्या सोयऱ्याशी नातेही असते. कचेरीच्या पायरीवर धडप्यात भाकरी बांधून बसलेली म्हातारी मामलेदारास ‘रावसाहेब’ म्हणून पदर पसरते, पण कारकुनास ती ‘अण्णा’ म्हणते, आणि त्या एका हाकेने त्याची पंचाईत होते. भाकरी आत जाऊ द्यावी तर नियम मोडतो. न द्यावी तर आठवड्याच्या बाजारात तीच म्हातारी समोर येणार. सवलत दिली की ‘हा पैसे खातो’ अशी कुजबूज, आणि न दिली की ‘याला पोरेबाळे नाहीत काय’ असा शाप. अशा पेचात वर्षे काढणाऱ्या माणसांची दोनच वळणे पडलेली दिसतात. काही जण कडक होतात, आणि तो कडकपणा मग घरच्या माणसांशी बोलतानाही सुटत नाही. काही जण इतके मवाळ होतात की पहाऱ्यावरचा शिपाईच त्यांना बजावतो. सरकारच्या गोपनीय अहवालात पहिल्यास ‘कार्यक्षम’ म्हणतात. मला स्वतःला दुसऱ्याविषयी अधिक आदर वाटतो, पण कैदी पळाला असता माझा हा आदर त्याच्या कोणत्या उपयोगी पडला असता, हे सांगता येत नाही.

आता जिल्ह्याच्या मोठ्या तुरुंगाकडे वळू. येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग १८७१ सालचा. आणि तुरुंगांचा जो कायदा पुढे शंभराहून अधिक वर्षे प्रमाण राहिला तो १८९४ चा. हा कायदा मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा तो कैद्यांविषयी आहे की जेलरविषयी, असा संभ्रम पडतो. जेलराने तुरुंगातच राहावे. लेखी परवानगीवाचून एक रात्रही बाहेर काढू नये. दुसरा कोणताही उद्योग करू नये. कैद्यांशी देवघेवीचा व्यवहार कोणी ठेवू नये. दरवानाने आत-बाहेर जाणाऱ्या जिनसांची तपासणी करावी. कर्तव्यात चुकलेल्या कनिष्ठ नोकरास दोनशे रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद. फटक्यांच्या शिक्षेचे कलम तर अत्यंत नेटके आहे. वेत हलका असावा, पण त्याचा व्यास अर्ध्या इंचाहून कमी नसावा. फटके तिसांहून अधिक नसावेत. ते हप्त्याहप्त्याने मारू नयेत. अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी समक्ष हजर असावेत. वेताची जाडी सांगणाऱ्या त्या कलमात वेत धरणाऱ्या हाताविषयी एक अक्षर नाही. त्या हाताला त्या सायंकाळी घास तोडवला की नाही, हे विचारण्याचे कारणच कायद्यास दिसले नाही.

फाशीची गोष्ट याहून निराळी. दामोदर हरी चापेकरांस १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या दिवसांत लोकमान्य टिळक त्याच तटांच्या आत शिक्षा भोगत होते, आणि त्यांनी दिलेली गीता जवळ घेऊन दामोदरपंत वधस्तंभाकडे गेले, ही हकीकत महाराष्ट्राच्या तोंडी आहे. पुढल्याच वर्षी मे महिन्याच्या ८ तारखेस वासुदेव चापेकर, १० तारखेस महादेव रानडे आणि १२ तारखेस बाळकृष्ण चापेकर, अशा तीन फाशा पाच दिवसांत त्याच ठिकाणी झाल्या. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना एकाच दिवशी तेथे फाशी देण्यात आली. या हुतात्म्यांविषयी आपण योग्य तेच लिहिले आहे आणि आणखी लिहिले पाहिजे. पण मे १८९९ च्या त्या आठवड्यात येरवड्याच्या शिपायांच्या चाळीत काय चालले असेल? एक दिवसाआड पहाटेपूर्वी उठावयाचे, कैद्याचे वजन पाहून दोरीची लांबी ठरवलेली असते ती तपासावयाची, आणि सूर्य वर येईतो घरी परतून बायकोने ठेवलेल्या चहाकडे पाहावयाचे. फाशीच्या हुकमावर, शिक्षा अमलात आली, असा शेरा मारून तो न्यायालयाकडे परत धाडावा लागतो. त्या सकाळच्या साऱ्या मनःस्थितीचा सरकारी अवशेष म्हणजे ती एक ओळ.

मराठीत तुरुंगाचे वाङ्मय विपुल आहे, आणि ते जवळजवळ सर्व कैद्यांनी लिहिलेले आहे. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये जेलर बारीसाहेब आहे, तो वाचकाच्या मनातून जात नाही. पण तो कैद्याने पाहिलेला बारी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले, हे आपण जाणतो. त्या वेळी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाचे नाव कोणाला ठाऊक नाही. महात्माजींनी येरवड्याच्या आपल्या अनुभवांत पहारेकऱ्यांविषयी, विशेषतः त्यांच्यावर नेमलेल्या एका सोमाली कैदी-वॉर्डरविषयी, ममतेने लिहिले. कैद्यांतूनच पहारेकरी नेमण्याची ती जुनी पद्धत होती. राखणाऱ्याची बाजू आपल्याला कळते ती अशी, राखलेल्याच्या लेखणीतून आणि त्याच्या औदार्यावर अवलंबून.

एक अपवाद मात्र आपल्याच जिल्ह्यात सापडतो, आणि तो मामलेदाराच्या कोठडीचाच आहे. रामोश्यांच्या बंडाचा नायक उमाजी नाईक १८३१ च्या अखेरीस पकडला गेला आणि पुण्यास खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत ठेवला गेला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यास फाशी झाली. ज्याच्या मोहिमेने तो धरला गेला त्या कॅप्टन मॅकिंटॉशने त्या थोड्या आठवड्यांत त्याच्याकडून त्याची हकीकत काढून घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी रामोशी जमातीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सरकारी अधिकाऱ्याचा तोरा पुष्कळ आहे, जातीविषयीचे पूर्वग्रहही आहेत. तरीही उमाजीच्या धैर्याविषयीचे, त्याच्या बुद्धीविषयीचे कौतुक लेखकाला लपवता आलेले नाही. ज्यास आपण फाशी देणार त्याचे चरित्र लिहावयास बसणे, हा पराक्रमाचा हिशेब होता की मनावरचे काही उतरवून ठेवण्याचा यत्न, याचा निर्णय मी करू धजत नाही.

कोठडीच्या ओळखीचा उपयोग करून घेण्याचे धाडस इलाख्याने केले नाही, ते औंध संस्थानाने केले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश सद्गृहस्थाच्या प्रेरणेने, तटबंदीवाचून कैद्यांची वसाहत उभी राहिली, आणि कैदी तेथे शेती करू लागले. त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली व शांतारामबापूंनी १९५७ साली तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. लक्षावधी प्रेक्षकांना जेलर नायक म्हणून पाहावयास मिळाला. कथेच्या शेवटी त्या नायकाचा मृत्यू होतो, ही गोष्ट मात्र वेगळ्या अर्थाने लक्षात राहते.

तुरुंगांच्या सुधारणेसाठी समित्या पुष्कळ झाल्या. कार्ड्यूसाहेबांची १९१९-२० ची समिती शिक्षण घेतलेले नोकर हवेत असे सांगून गेली होतीच. १९८० साली नेमलेल्या आणि १९८३ साली अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे उर्दूतील नामांकित शायर. त्यांच्या अहवालात तुरुंगनोकरांचे वेतन, निवास आणि प्रशिक्षण यांचा सविस्तर विचार आहे. येरवड्यास तुरुंगाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालयही आहे. ही सर्व व्यवस्था तुरुंग खात्यासाठी झाली. तालुक्याच्या उपकारागृहाचा अधीक्षक आजही तहसीलदारच, म्हणजे महसूल खात्याचा. पहारा पोलिसांचा, आणि नियम तुरुंगाचे. ज्या कारकुनाच्या हातून बारामतीस वा इंदापुरास सकाळी उत्पन्नाचे दाखले निघतात, त्यास संध्याकाळच्या गणतीसाठी कोणी येरवड्यास शिकावयास पाठवीत नाही, कारण तो त्या खात्याचा नव्हे. आणि त्याच्या स्वतःच्या खात्यास विचारावे, तर महसुलाच्या परीक्षेत तो विषय नाही.