पाणी किती स्वच्छ हवं, हे कोणी ठरवलं?



पाणी बिघडलं की आपल्याला आधी नाकाने कळतं. पऱ्यावर धुतलेल्या गोधडीला वास येतो, खाडीत मेलेले मासे तरंगतात. पण तक्रार घेऊन कचेरीत गेलं की पहिला प्रश्न येतो, “नमुना तपासलात का? आकडा किती आला?” हे आकडे कुठून आले, त्याची गोष्ट आज ऐकू या.

पूर्वी कायद्यात आकडा नव्हताच. मुंबई आणि कुलाब्याचा किनारा घाण करणाऱ्यांवर इंग्रज सरकारने १८५३ मध्ये कायदा केला. १८६० च्या दंड संहितेत सार्वजनिक झऱ्याचं किंवा तळ्याचं पाणी मुद्दाम घाण करणाऱ्याला तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड होता. पण घाण म्हणजे नेमकी किती? ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मोजमाप ठरलं इंग्लंडात. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचं कामकाज अवघड झालं. पुढे सांडपाण्यावर एक शाही आयोग नेमला गेला. त्याने १९१२ मध्ये आकडा दिला. तो समजायला सोपा आहे. पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्म जीव पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त खर्च होतो, आणि मासे गुदमरतात. या खर्चाच्या मोजमापाला ‘बीओडी’ म्हणतात. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, असं आयोगाने सांगितलं. पण एक अट होती: नदीत त्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी हवं.

आपल्या महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. देशाचा कायदा १९७४ चा. तो महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वीकारला. केंद्रीय मंडळाने एक मोठी गोष्ट केली. पाण्याचा उपयोग पाहून त्याचे वर्ग पाडले. पिण्याचं, आंघोळीचं, माशांचं, शेतीचं, प्रत्येकाचं माप वेगळं. आणि एकाच पाण्याचे अनेक उपयोग असतील, तर ज्या उपयोगाला सर्वांत चांगलं पाणी लागतं, त्याचं माप धरायचं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. नदीत आंघोळ करायची तर पाण्याचा बीओडी ३ पेक्षा जास्त नको. पण नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे ३०, आणि समुद्रात सोडायचं असेल तर १००. म्हणजे पाइपाच्या तोंडाशी नियम पाळला, तरी ते पाणी आंघोळीच्या लायकीचं नसतंच. बाकीचं काम नदीने आपल्या पाण्यात मिसळून करायचं. आता आपल्या कोकणात बघा. श्रावणात नदी दुथडी भरून वाहते, आणि वैशाखात तिच्या पात्रातून चालत जाता येतं. तेव्हा आठपट पाणी आणायचं कुठून?

आपल्या दापोली तालुक्याच्या दक्षिणेला दाभोळची खाडी आहे. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी तिकडे जातं, आणि खाडीकाठचे मच्छीमार मासे मेल्याची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. अशा वेळी एक आकडा विचारून भागत नाही. पाइपाच्या तोंडाशी किती, हे विचारायचं आणि खाडीत जिथे जाळं पडतं तिथे किती, हेही विचारायचं.

आंजर्ल्याला समुद्राला मिळणाऱ्या आपल्या जोग नदीला वेगळा धोका आहे. शौचालयाच्या टाक्या, लॉज, हॉटेलं यांचं पाणी. इथे मैल्यातले जंतू मोजावे लागतात. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ते ५०० पर्यंत असावेत, २५०० च्या वर तर मुळीच नकोत.

आणि समुद्र-खाडीच्या पाण्याचेही पाच वर्ग आहेत. त्यातला सर्वांत वरचा वर्ग कोणासाठी? मिठागरं आणि शिंपल्यांसाठी! म्हणजे ओहोटीला कोयती घेऊन कालवं काढणारी, तिसऱ्या वेचणारी बाई ही सर्वांत स्वच्छ पाण्याची हक्कदार आहे. पण तिचं काम कुठल्याच कागदावर नसेल, तर त्या पाण्याचं माप ठरवताना ते धरणार कसं?

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक वही काढू. कोणत्या पाणवठ्यावर कोण काय करतं, ते महिन्यांसह लिहू: धुणं, आंघोळ, गुरं, कालवं, भाजीचा मळा. ती यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घेऊ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूणच्या कार्यालयात देऊ. उन्हाळ्यात नमुना घ्या, असंही त्यात लिहू. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. विहिरीच्या पाण्यासाठी ती पेटी वापरू. बीओडी मात्र प्रयोगशाळेतच मोजतात, म्हणून तो मंडळाकडून मागायचा.

पाण्याचं माप ठरवताना पहिला प्रश्न असतो, हे पाणी कशासाठी? त्याचं उत्तर आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मग ते लिहून देऊ या.