ग्रीक शाळा आणि समतेचा कायदा

सर्वांस एकच नियम लावला म्हणजे कोणावरही अन्याय होत नाहीं, ही समजूत जुनी आहे आणि दिसावयास निर्दोषही आहे. १९३५ सालीं हेग येथील कायम आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें एका सरकारनें तीच समजूत आपल्या बचावादाखल मांडली.

तें सरकार आल्बानियाचें. राष्ट्रसंघाचें सभासदत्व मिळाल्यावर या चिमुकल्या देशानें २ ऑक्टोबर १९२१ रोजीं संघापुढें वचन दिलें होतें कीं, वंश, धर्म वा भाषा यांनीं वेगळ्या असलेल्या अल्पसंख्याकांस कायद्यानें व प्रत्यक्षांतही इतरांसारखीच वागणूक मिळेल. स्वखर्चानें शाळा चालविण्याचा व तेथें आपली भाषा वापरण्याचा त्यांस समान हक्क राहील. पुढें १९३३ सालीं, राजा झोग याच्या अमदानींत, घटना दुरुस्त होऊन देशांतील यच्चयावत् खाजगी शाळा बंद झाल्या. दक्षिणेकडील ग्रीकभाषी प्रजेनें संघाकडे दाद मागितली, आणि संघानें न्यायालयाचा सल्ला विचारला.

सरकारचें म्हणणें असें कीं, आम्हीं बहुसंख्याकांच्याही शाळा मिटल्या. मग भेदभाव कोठें राहिला? युक्तिवाद मोठा चतुर खरा. परंतु ६ एप्रिल १९३५ रोजीं न्यायालयानें आठ विरुद्ध तीन मतांनीं तो अमान्य केला. बहुसंख्याकांची गरज सरकारी शाळा भागवितातच. अल्पसंख्याकांची शाळा गेली कीं त्यांस दुसरें साधन उरत नाहीं. आपलें वैशिष्ट्य टिकविण्याचीं साधनेंच ज्यांच्याकडून काढून घेतलीं, त्यांस समान म्हणावयाचें कसें? ज्या घरांतील मूल शाळेंत एक भाषा आणि चुलीपाशीं दुसरी बोलतें, तेथें हा मुद्दा फोड करून सांगावा लागणार नाहीं. विरुद्ध मत देणाऱ्या तिघांत न्यायालयाचे अध्यक्ष सर सेसिल हर्स्ट स्वतः होते. हक्क ‘समान’ आहे, म्हणून जो इतरांस नाहीं तो अल्पसंख्याकांसही नाहीं, असा त्यांनीं शब्दार्थ केला. शब्दांपुरता तो चुकीचा म्हणवत नाहीं. पण अशा अर्थानें मूळ वचनांत शिल्लक काय राहतें?

महायुद्धांत राष्ट्रसंघ नामशेष झाला. १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या सत्ताविसाव्या कलमानें समाजाच्या सांस्कृतिक जीवनांत भाग घेण्याचा हक्क प्रत्येकास दिला. समाजाच्या, पण कोणत्या? अल्पसंख्याकांविषयींचें कलम त्यांत आलेंच नाहीं. त्यांच्या दैवाविषयीं उदासीन राहतां येत नाहीं, एवढा निराळा ठराव तेवढा त्याच दिवशीं झाला. आदल्याच दिवशीं वंशसंहाराविरुद्धचा करार मान्य झाला होता, आणि त्यांतूनही संस्कृतीच्या संहाराचा उल्लेख गाळण्यांत आला होता.

ती उणीव १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारानें कांहीं अंशीं भरून काढली. हा करार १९७६ पासून अमलांत आहे, आणि योगायोगानें त्याचेंही सत्ताविसावें कलमच या विषयाचें आहे. आपल्या गटांतील इतरांसमवेत आपली संस्कृति भोगण्याचा, आपला धर्म पाळण्याचा व आपली भाषा वापरण्याचा हक्क अल्पसंख्याकांस ‘नाकारूं नये’, असें तें म्हणतें. शाळेचा खर्च कोणीं करावा, हें त्यांत लिहिलेलें नाहीं. आल्बानियांतील ग्रीकांनीं तर तो मागितलाही नव्हता.