मागेल त्याला काम : एका कायद्याचा इतिहास

शहरांत नोकरी करणाऱ्या गृहस्थाच्या वेतनपत्रकांत दरमहा एक लहानशी वजावट असते. तिचें नांव व्यवसाय कर. एरवीं २०० रुपये व फेब्रुवारींत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये. याहून अधिक ती होऊं शकत नाहीं, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानेंच तशी मर्यादा घातलेली आहे. रक्कम थोडी असल्यामुळें ती कां कापली जाते याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः या वजावटीच्या मागें महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांतील एक मोठा निर्णय आहे. परभणी-जिंतूरच्या उघड्या रानांत कुदळ घेऊन उभा असलेला मजूर आणि मुंबईच्या कचेरींत बसलेला कारकून या दोघांचा संबंध या करानें जोडला. तो कसा जोडला गेला हें पाहिलें, म्हणजे राज्याचें आर्थिक धोरण घडतें कसें, या प्रश्नाचें उत्तरही बरेंचसें हातीं येतें.

परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्याभोर जमिनीचा मुलूख. जमीन ओल धरून ठेवणारी, ज्वारी-कापसाला उत्तम. परंतु जिराइताची सारी मदार पावसावर. पाऊस चुकला कीं पेरणी चुकते, पेरणी चुकली कीं निंदणी-खुरपणी नाहीं, आणि मग कापणी-वेचणीचें नांवच नको. ज्याच्या घरीं जमीन आहे तो मागील सालच्या शिल्लक दाण्यावर कसाबसा तग धरतो. ज्याला केवळ दोन हातांचा आधार, त्याची चूल मात्र पहिल्या कांहीं आठवड्यांतच थंड पडते. बाजारांत धान्य असलें तरी तें विकत घेण्यापुरती मजुरी गांठीस नसते. दुष्काळांत माणूस उपाशी राहतो तो बहुधा या रीतीनें.

ही गोष्ट राज्यकर्त्यांस ठाऊक नव्हती असें नाहीं. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारनें आयोग नेमला. १८८० सालीं त्याचा अहवाल आला व त्याच्या आधारें निरनिराळ्या प्रांतांत दुष्काळ-संहिता तयार झाल्या. पिकाची आणेवारी काढावी, आधीं परीक्षेदाखल थोडीं कामें उघडावीं, त्यांवर गर्दी लोटली तर दुष्काळ जाहीर करावा, असा तो क्रम होता. परभणी त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होती. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. राज्यें बदललीं, तरी दुष्काळी कामांमागील तत्त्व फारसें बदललें नाहीं. काम उघडणें वा न उघडणें हें सरकारच्या मर्जीवर असे. सरकार दाता व मजूर याचक. पाऊस बरा झाला कीं कामें बंद होत. मग बऱ्या सालांतही सबंध उन्हाळा रिकाम्या हातांनीं काढणाऱ्या मजुराचें काय, हा प्रश्न सरकारी दप्तरांत कोठेंच नव्हता.

तो प्रश्न ज्यांनीं दप्तरांत आणला ते वि. स. पागे हे मंत्री नव्हते. १९६० ते १९७८ इतका दीर्घ काळ ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. सभापतीच्या आसनावरून धोरण मांडतां येत नाहीं; तेथून केवळ इतरांस बोलूं द्यावयाचें असतें. परंतु पागे हे गांधीजींच्या विचारांत वाढलेले गृहस्थ होते, आणि सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्याचें दैन्य त्यांच्या नित्य परिचयाचें होतें. १९६५ सालीं त्यांनीं आपली कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांस कळविली. धडधाकट माणूस अंगमेहनतीचें काम मागत असेल तर तें त्याला मिळालेंच पाहिजे, आणि त्या कामांतून गांवाची शेती सुधारली पाहिजे, एवढाच तिचा आशय होता. नाईकांनीं ती हंसण्यावारी नेली नाहीं. लगोलग राज्यभर लागूही केली नाहीं. तासगांव तालुक्यांतील विसापूरच्या परिसरांत तिचा प्रयोग सुरू झाला. पुढें ही योजना अधिक विस्तारानें मांडली गेली व १ मे १९७२ पासून राज्याची योजना म्हणून अमलांत आली. योगायोग असा कीं, त्याच महिन्याच्या १८ तारखेस परभणी येथें मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली.

आणि त्याच वर्षीं पावसानें दगा दिला. आधींचीं दोन वर्षेंही ओढाताणीचींच गेलेलीं होतीं. १९७२ च्या अवर्षणानें कळस केला. योजना बाजूस ठेवून सरकारला नेहमींच्या पद्धतीचीं दुष्काळी कामें उघडावीं लागलीं. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांतील या कामांवर सुमारें ५० लक्ष मजूर हजर होते. रस्त्यांच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, पाझर तलावांची खोदाई, नाल्यांवरील बांध, वांटपाची सुकडी आणि अमेरिकेंतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, हें सारें मराठवाड्यांतील वृद्धांच्या आठवणींत ताजें आहे. मजुरी थोडी होती, ती मिळण्यास विलंब लागे, मोर्चे निघत. शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट व लाल निशाण या पक्षांनीं मजुरांस संघटित करून कामाची व दामाची मागणी लावून धरली. तथापि एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. लाखों लोकांस काम देणें हें सरकारी यंत्रणेच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतची साखळी मनावर घेतल्यास तें करून दाखवूं शकते.

पाऊस पडल्यावर कामें मिटवून टाकण्याचा जुना रिवाज होता. या वेळीं तसें झालें नाहीं. रोजगार हमी योजना पुन्हा हातीं घेण्यांत आली. परंतु हमी द्यावयाची तर दरवर्षीं पैसा हवा, आणि दुष्काळापुरता केंद्राकडून येणारा पैसा सुकाळांत येत नाहीं. यावर १९७५ सालीं जो तोडगा निघाला तो या सबंध कथेचा कणा होय. नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसविण्यांत आला. मोटारगाड्या, विक्रीकर, ओलिताची जमीन, शहरांतील निवासाव्यतिरिक्तच्या इमारती यांवरही जादा आकारणी झाली. या करांचें जें उत्पन्न येईल तितकीच रक्कम राज्य सरकारनें आपल्या तिजोरींतून त्यांत घालावयाची, असें ठरलें. कराचा मोठा भाग मुंबईसारख्या शहरांतून येणार हें उघड होतें. तरीही शहरांतून विरोधाचें मोठें वादळ उठलें नाहीं. दुष्काळांत गांवें ओस पडून माणसांचे लोंढे शहरांच्या पदपथांवर येतात, हें शहरवासीयांनीं नुकतेंच पाहिलें होतें. बागाईतदारही फारसे अडून बसले नाहींत. कारण बांधबंदिस्ती, तलाव व रस्ते यांचा लाभ जमीनधारकालाच अधिक होता, आणि योजनेची मजुरी बेताचीच असल्यानें शेतावरील मजूर पळतील ही धास्तीही नव्हती. धोरण टिकतें तें त्यांतील दयेवर थोडें आणि अशा हितसंबंधांच्या जुळणीवर पुष्कळ.

१९७७ सालीं रोजगार हमीचें विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं एकमतानें संमत केलें. पुढील वर्षीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलांत आला. नाईकांच्या नंतर शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील व शरद पवार असे मुख्यमंत्री एकामागून एक आले, पक्षांतही उलथापालथ झाली, परंतु ही योजना कोणी टाकून दिली नाहीं. कायद्याप्रमाणें ग्रामीण भागांतील कोणाही प्रौढ माणसानें अंगमेहनतीचें काम मागितलें कीं पंधरा दिवसांत तें दिलें पाहिजे. न दिल्यास बेकारी भत्ता दिला पाहिजे. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, स्त्री-पुरुषांस कामाच्या मापाप्रमाणें सारखेंच दाम मिळावें, कामावर पिण्याचें पाणी व लेकरांसाठीं सांवली असावी, अशाही तरतुदी करण्यांत आल्या. आतां मजूर याचक राहिला नाहीं. कायद्यानें त्याला धनको केलें.

या ठिकाणीं अमेरिकेचें उदाहरण ताडून पाहण्यासारखें आहे. १९४४ च्या जानेवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं आर्थिक हक्कांची जी यादी काँग्रेसपुढें ठेवली, तींत पहिला हक्क कामाचा होता. पुढच्याच वर्षीं सेनेटर मरे यांनीं पूर्ण रोजगाराचें विधेयक आणलें. त्या देशांत अध्यक्ष धोरण सुचवितो, परंतु कायदा करणें व पैसा मंजूर करणें हें काँग्रेसच्या हातीं. आणि काँग्रेसमध्यें विधेयकाचें भवितव्य समित्यांच्या खोल्यांत ठरतें. सेनेटनें तें विधेयक मोठ्या बहुमतानें संमत केलें. प्रतिनिधिगृहांत मात्र त्यांतील हक्काची भाषाच कापली गेली. २० फेब्रुवारी १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं ज्यावर सही केली त्या कायद्यांत अधिकाधिक रोजगाराचें उद्दिष्ट, अध्यक्षांचा वार्षिक आर्थिक अहवाल आणि तीन अर्थशास्त्रज्ञांचें सल्लागार मंडळ एवढें उरलें. तें मंडळ पुढें अध्यक्षांच्या आर्थिक धोरणाचें एक महत्त्वाचें अंग बनलें; बेकार माणसाला मात्र त्यानें दावा सांगण्याजोगें कांहीं दिलें नाहीं. १९७८ च्या ऑक्टोबरांत हंफ्री-हॉकिन्स कायदा झाला. त्यांतही बेकारीचें प्रमाण ४ टक्क्यांवर आणण्याचें उद्दिष्टच तेवढें होतें. त्यानंतर तीनच महिन्यांनीं महाराष्ट्रांत कामाची हमी अमलांत आली.

अर्थात् यावरून अमेरिकेस हिणवण्याचें कारण नाहीं. कारखान्यांतील कामगाराला त्याच्या पेशाचें काम देणें आणि शेतमजुराला मातीकाम देणें, यांत खर्चाचें फार मोठें अंतर आहे. परंतु क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. अमेरिकेंत आधीं तत्त्व मांडलें गेलें. त्या वेळेपर्यंत रूझवेल्टच्या काळांतील सार्वजनिक कामांचा विभाग १९४३ मध्येंच बंद झालेला होता, आणि नवा कर तर कोणी सुचविलाच नव्हता. महाराष्ट्रांत आधीं एका तालुक्यांत प्रयोग झाला, मग संकटानें यंत्रणेची परीक्षा घेतली, मग पैशाची सोय झाली, आणि सर्वांत शेवटीं कायदा आला. म्हणून तो कागदावरच राहिला नाहीं.

त्यांत दोष शिरले नाहींत असें मात्र नव्हे. खोटीं हजेरीपत्रकें, मापें घेण्यांतील दिरंगाई, अर्धवट रस्ते, गाळानें भरलेले तलाव यांच्या तक्रारी ठिकठिकाणीं होत राहिल्या. बेकारी भत्ता प्रत्यक्षांत क्वचितच कोणाच्या हातीं पडला. १९८८ मध्यें मजुरी वाढली, आणि त्याबरोबर कामें उघडण्यांत यंत्रणा हात आखडूं लागली. पुढें तर करांतून आलेला पैसा पूर्ण खर्च न होतां शिल्लक पडूं लागला. तरीही १९९० नंतर याच योजनेच्या आधारानें लहान शेतकऱ्यांच्या रानांत फळबागा उभ्या राहिल्या, विहिरी झाल्या, आणि कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा राहिला. २००५ सालीं संसदेनें सबंध देशासाठीं दर कुटुंबास वर्षांत १०० दिवसांच्या कामाचा जो कायदा केला, त्याची प्रेरणा महाराष्ट्राचीच होती. फेब्रुवारी २००६ मध्यें निवडक जिल्ह्यांत तो सुरू झाला तेव्हां, १९९९ मध्यें परभणींतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा त्यांत होता. २००८ पर्यंत तो देशांतील सर्व ग्रामीण भागास लागू झाला.

कायदे बदलतात, त्यांचीं नांवें बदलतात, दिवसांचे आंकडे बदलतात. व्यवसाय कर मात्र चालूच आहे. तो भरणाऱ्या सुशिक्षित कुटुंबास, गांवांतील एखाद्या बाईनें काम मागण्याचा अर्ज दिला तर तिला त्याची तारखेसहित पावती मिळते कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार आहे. पंधरा दिवसांची मुदत त्या पावतीपासूनच मोजली जाते. आणि पावती नसेल तर हक्क पुन्हा मेहेरबानी होऊन बसतो.